खाडी ओलांडणारी गाडी: जुनी जीप पाण्यात उतरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यात खाडीकाठी होमस्टे आहे. समोरचा काठ भरतीला साधारण सहाशे मीटर लांब. दारात जुनी फोर-बाय-फोर डिझेल जीप पडून आहे. तिला खालून बंद करून, मागे पंखा बसवून जमीन-पाणी दोन्हीवर चालणारी गाडी करायची, पाहुण्यांना पलीकडच्या पुळणीवर न्यायचं आणि पावसाळ्यात रस्ता बुडाला तर तीच वापरायची. हे जमेल का, आणि काय काय बिघडतं?

जीप तरंगवता येईल. ते काम फार अवघड नाही. अवघड आहे ते पाण्यात उतरणं आणि त्याहून जास्त पाण्यातून वर चढणं. या गाड्या मधल्या पाण्यात क्वचित अडकतात, काठाच्या वीस मीटरांत अडकतात. म्हणून आधी तुमच्या दोन्ही काठांचं बघू, गाडीचं नंतर.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला, असे दोन दिवस पूर्ण ओहोटीला काठावर जा. हातात दोन मीटरची बांबूची काठी घ्या आणि जिथून गाडी उतरवायची तिथून पाण्यापर्यंत चालत जा. पाय घोट्यापर्यंतच जात असेल तर टायरची हवा १२ ते १४ पीएसआयवर आणून जीप जाऊ शकते. पोटरीपर्यंत रुतत असेल तर जीप विसरा. तिथे फुग्यासारखे टायर असलेली आठ चाकी हलकी गाडीच चालेल. गुडघ्यापर्यंत रुतत असेल तर चाकाची कुठलीच गाडी नको. यामागचा हिशेब सोपा आहे: टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने त्याच्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो. रस्त्यावर ३० पीएसआयवर चालणारी जीप खाजणाच्या चिखलात खिळ्यासारखी घुसते. हलक्या आठ चाकी गाड्यांचे टायर ४-५ पीएसआयवर चालतात, म्हणून त्या वर राहतात. दुसऱ्या महायुद्धातल्या 'डक' या अमेरिकी सहाचाकी गाडीत (१९४२ पासून एकवीस हजारांवर तयार झाल्या) चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता यायची. पुळणीवर चढताना हवा सोडायची, रस्त्याला लागलं की भरायची. ती गाडी इतकी यशस्वी झाली त्याला हे एक मोठं कारण आहे. तुम्ही तेवढं करू शकणार नाही, पण १२ व्होल्टचा चांगला कंप्रेसर आणि प्रेशर गेज गाडीत कायम हवा.

चिखलाबरोबर कालवंही बघा. जांभ्याच्या खडपावर चिकटलेली कालवं टायरची बाजू ब्लेडसारखी कापतात, आणि कमी हवेच्या टायरची बाजूच फुगलेली असते. तुमच्या वाटेत कालवांचा पट्टा असेल तर वाट बदला. जाड टायर घेऊन तो प्रश्न सुटत नाही.

धक्क्याचा उतार असेल तर तो सातास एकपेक्षा उभा नको, म्हणजे सात मीटर चालल्यावर एक मीटर खाली. अर्ध्या भरतीच्या रेषेखाली त्यावर शेवाळ धरलेलं असतं. नेमक्या त्याच ठिकाणी गाडी अर्धी तरंगत असते आणि टायरवर वजन नसतं. पुढची चाकं टेकतात, मागचा भाग अजून पाण्यावर डोलतो, चाकं फिरतात आणि गाडी आडवी वळते. त्यासाठी चढताना लो गियरमध्ये चारही चाकं चालू ठेवायची आणि पंखाही चालू ठेवायचा. पुढची चाकं टेकली म्हणून पंखा बंद करणं ही सर्वांत नेहमीची चूक. मागची चाकं पकडली की मगच पंखा वर उचलायचा.

आता वेळ. उतरणं आणि चढणं दोन्ही चढत्या भरतीत करायचं. चढत्या पाण्यात रुतलेली गाडी अर्ध्या तासात आपोआप उचलली जाते. ओहोटी लागल्यावर रुतली तर ती पुढची भरती येईपर्यंत तिथेच, आणि चाकाभोवतीचा चिखल तोवर घट्ट बसतो. आपल्याकडचा जुना ठोकताळा इथे उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज तासाभराने चुकतो, शिवाय खाडीत जितकं आत तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून छापील कोष्टक घ्या आणि तुमच्या धक्क्यावर पंधरा दिवस स्वतः वेळा लिहून फरक काढा. मुंबईचं कोष्टक तसंच्या तसं वापरू नका. मुंबईकडून गोव्याकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरकही कमी होत जातो.

काठ जमत असतील तर गाडीचा हिशेब करू. जीप १३०० किलो, खालचं धड (होडीसारखा बंद तळ), पंखा, पंप वगैरे ३५० किलो, पाच माणसं आणि सामान ४०० किलो. एकूण २०५० किलो. समुद्राच्या पाण्याचा एक घनमीटर १०२५ किलोचा, म्हणजे गाडीने बरोबर दोन घनमीटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. धड चार मीटर लांब, १.७ मीटर रुंद धरलं आणि चाकांच्या खोबणी, नाळेचा (पुढच्या टोकाचा) उतार वजा केला तर पाण्याच्या रेषेवर ५.४ चौरस मीटर उरतात. अशी गाडी किमान ३७ सेंटिमीटर बुडेल, धड तळाशी निमुळतं असेल तर चाळीसच्या आसपास. पुढे प्रत्येक १०० किलोला जवळपास दोन सेंटिमीटर. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की गाडी बुडेल असं लोक सांगतात. फरक जेमतेम एक सेंटिमीटरचा पडतो, त्याची चिंता नको. चिंता करायची ती पाण्यापासून काठापर्यंतच्या उंचीची: पूर्ण वजनात सगळ्यात खालच्या ठिकाणी ४० सेंटिमीटर हवीच. युद्धकाळातली फोर्ड जीपीए ही तरंगती जीप इथेच फसली. ठरल्यापेक्षा वजन बरंच वाढलं, धड मात्र वाढवलं नाही, आणि लाटेत ती भरू लागली. १९४२-४३ मध्ये साडेबारा हजारांवर गाड्या बनवून काम थांबलं. तशाच एका गाडीतून बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन माणसाने १९५० ते १९५८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली हे खरं, पण त्यासाठी त्याने धड वाढवलं, वरती बंद खोली बांधली आणि मूळ गाडीचं रूपच बदललं.

जीपचं इंजिन पुढे, त्यामुळे ती नाकावर बुडते. बॅटरी, डिझेलची टाकी, सुटं चाक मागे न्या. पुढे बॉनेटवर उभी राहणारी घडीची फळी बसवा. स्वतःच्याच वेगाने उठणारी लाट बॉनेटवरून आत येते, ती फळी थोपवते.

वेगाबद्दल गैरसमज फार आहेत. चार मीटरच्या धडाला पाण्यात ताशी नऊ किलोमीटरपलीकडे ढकलता येत नाही. लांबीचं वर्गमूळ गुणिले साडेचार, एवढाच वेग मिळतो. चाळीस अश्वशक्तीचं इंजिन लावलंत तर मागची बाजू खाली बसेल आणि नाक वर जाईल, वेग तेवढाच राहील. दहा अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगायचं होडीचं इंजिन, पुरतं. माझं मत स्पष्ट आहे: गिअरबॉक्समधून शाफ्ट काढून पंखा फिरवण्याच्या फंदात पडू नका. तो शाफ्ट बाहेर येतो तिथे पाण्याखाली भोक पडतं, पाणी अडवणारी ग्लँडची दोरी आवळावी लागते आणि चिखलात पंखा वर घेता येत नाही. आउटबोर्ड उचलता येतं, वळवता येतं, उलटं चालवता येतं, आणि जीपचं इंजिन बंद पडलं तरी ते चालू राहतं. महायुद्धातल्या श्विमवागन या तरंगत्या जर्मन गाडीचा पंखा फक्त पुढेच चालायचा. मागे यायचं तर चाकं उलटी फिरवावी लागायची किंवा वल्हं. पाण्याचा फवारा मागे टाकणारा जेट आपल्या खाड्यांत नको: वाळू, प्लास्टिक आणि तुटलेल्या जाळ्याची नायलॉन दोरी, तिन्ही त्याच्या तोंडाशी बसतात.

फक्त चाकं फिरवून जाता येतं का? ताशी तीन-चार किलोमीटर. ओहोटीचा ओढ ताशी चार किलोमीटर असेल तर सहाशे मीटर पार होईपर्यंत गाडी सहाशे ते आठशे मीटर खाली, खाडीच्या मुखाकडे गेलेली असते. आउटबोर्डने ताशी सात मिळाले तर पाच मिनिटांत पार होते, तरीही साडेतीनशे मीटर वाहते. म्हणून ओढ मंदावतो त्या अर्ध्या तासात, भरती पुरी होण्याच्या जरा आधी निघायचं. मुखाशी वाळूचा दांडा असेल आणि त्यावर लाट फुटत असेल तर त्या बाजूला वाहून जाण्याची शक्यताही ठेवायची नाही.

आता गळती. धडाला जी भोकं पडतात ती लहान दिसतात. चाळीस सेंटिमीटर खोलीवरच्या अर्ध्या इंची भोकातून, म्हणजे ड्रेन प्लग (तळाचं बूच) लावायचा विसरला तर, मिनिटाला बारा लिटर पाणी येतं. एक इंची भोकातून पन्नास, दोन इंचीतून दोनशे. ताशी चार हजार लिटर लिहिलेला बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) मीटरभर वर पाणी फेकताना आणि बॅटरी उतरलेली असताना त्याच्या निम्म्याच्या जवळपास काम करतो. मिनिटाला तीस-पस्तीस लिटर धरा. म्हणजे तो अर्ध्या इंची चूक सांभाळेल, दोन इंची नाही. दोन पंप, दोन वेगळ्या वायरिंगवर, फ्लोट स्विचसह. तिसरा हातपंप. आणि बादली.

सर्वांत धोकादायक जागा म्हणजे चाकाकडे जाणारे हाफ शाफ्ट जिथे धडातून बाहेर येतात. तिथे रबरी बूट आणि क्लँप असतात. अमेरिकेत आर्कान्सासमधल्या हॅमिल्टन तलावात १ मे १९९९ ला 'मिस मॅजेस्टिक' ही पर्यटकांची डक गाडी बुडून १३ जण गेले. शाफ्टभोवतीच्या बूटाचा क्लँप सैल होता, बूट सरकला, पाणी आत आलं. पण इतकी माणसं गेली ती वरच्या छतामुळे. गाडी खाली जाताना छत माणसांना वरून दाबून ठेवतं, लाइफजॅकेट घातलेला माणूस तर त्या कापडालाच चिकटतो. १९ जुलै २०१८ ला मिसुरीतल्या टेबल रॉक तलावात वादळात अशीच दुसरी गाडी बुडाली, ३१ पैकी १७ गेले, तिथेही छत आणि बाजूचे पडदे होते. म्हणून पाण्यात असताना जीपवर छत नाही, पडदा नाही, सीटबेल्ट लावलेला नाही. ऊन लागतं म्हणून पाहुणे तक्रार करतील. टोपी द्या.

बुडाली तरी तरंगत राहावी म्हणून फोम भरावा, असं सुचवलं जातं. लोखंडी गाडीला ते परवडत नाही. रिकामी १६५० किलोची गाडी पाण्याने भरली तरी तिला वर धरायला चौदाशे लिटर फोम लागेल. जीपमध्ये तेवढी जागाच नाही. याच कारणाने पाहुण्यांसाठी जीप रूपांतरित करू नका असं मी म्हणतो. आर्गोसारख्या सहा-आठ चाकी गाड्यांचं धड पॉलिथिलीनचं असतं. तो पदार्थ पाण्यापेक्षा हलका, आणि गाडीही जीपच्या निम्म्याहून हलकी. त्यांची क्षमताही जमिनीवर आणि पाण्यात वेगळी सांगितलेली असते: आठ चाकीत जमिनीवर सहा माणसं, पाण्यात चार. बनवणाराच हा फरक करतो, आपणही करायला हवा. तुमचा चिखल पोटरीचा असेल आणि सामान, गॅस सिलिंडर, दोन माणसं एवढीच ने-आण असेल तर हीच गाडी घ्या. छोटं हॉवरक्राफ्ट गुडघाभर चिखलावरूनही जातं, पण त्याला ब्रेक नसतो, आडव्या वाऱ्यात ते घसरत जातं, वाळू पंख्याची धार खाते आणि खालचा रबरी घेर कालवांवर फाटतो. होमस्टेला ते नको.

जीपच करायची ठरलं असेल तर खारं पाणी काय करतं ते ऐका. गाडी रस्त्यावरून येते तेव्हा डिफरन्शियलचं हौजिंग (आसाच्या मधली गिअरची पेटी) हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. तशीच पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून खारं पाणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी प्लग उघडला की ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतं. आणखी चार दिवस तसंच चालवलंत तर बेअरिंगवर तपकिरी खड्डे पडतात आणि गाडी भुंग्यासारखी गुणगुणायला लागते. उपाय दोन: दोन्ही हौजिंगचे आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवेची भोकं) नळीने डॅशबोर्डच्या उंचीपर्यंत वर न्या, आणि काठावर वीस मिनिटं थांबून मगच उतरा.

बाहेर आल्यावरचं काम रोजचं आहे, आठवड्याचं नाही. ड्रेन प्लग उघडा. दोनशे मीटर ब्रेक हलका दाबून चालवा म्हणजे ड्रम सुकतात. गोड्या पाण्याने वीस मिनिटं धुवा, पण प्रेशर वॉशरची धार सीलवर मारू नका, ती पाणी आतच ढकलते. क्रॉस, किंगपिन, बेअरिंग, प्रत्येक निपलला आतलं जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत ग्रीस भरा. १९६० च्या दशकात जर्मनीत बनलेली अँफिकार ही रस्त्यावरची देखणी गाडी, तिलाही तेरा ठिकाणी ग्रीस लागायचं, आणि त्यातल्या एका जागेसाठी मागची सीट काढावी लागायची. मालकांनी ते टाळलं आणि गाड्या सडल्या. डिफरन्शियलचं ऑइल प्रत्येक फेरीनंतर काठीने बघा, रंग बदलला की त्याच दिवशी बदला.

धड फायबरचं करा. आपल्याकडे फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर किनाऱ्यावर जागोजागी आहेत, दुरुस्तीही तिथेच होते. पत्रा मारला तर जोडाच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रश पोचत नाही, तिथून गंज सुरू होतो. फायबर आणि चासी यांच्यामध्ये रबर घाला, नाहीतर बोल्टच्या भोकाभोवती तडे जातात. उघड्या लोखंडी भागांसाठी मचव्याला लावतात तसे, गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे लावा. मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचे जास्त चांगले. रेडिएटरला पाण्यात वारा लागत नाही, म्हणून बॉनेटखाली हवा खेचणारा विजेचा पंखा आणि ती बाहेर टाकणारा उंच नळ हवा. पेट्रोल जीप असती तर मी इथेच नको म्हटलं असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बंद धडाच्या तळाशी साचते आणि स्टार्टरच्या ठिणगीने पेटते.

पुराबद्दल. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर अशा गाड्यांची मागणी कोकणात वाढणं समजण्यासारखं आहे. पण बंद तळाची जीप वाहत्या पाण्यात साध्या जीपपेक्षा जास्त धोक्याची आहे. कॉजवेवर अर्धा मीटर पाणी असेल तर धडाखालचे वीस सेंटिमीटर सोडून तीस सेंटिमीटर धड बुडतं आणि चौदाशे किलोच्या आसपास वजन पाणीच उचलतं. टायरवर राहतात सहाशे-सातशे किलो. साधी जीप आत पाणी घेते आणि जड राहते, तुमची गाडी हलकी होऊन कठड्यावरून जाईल. सेकंदाला तीन मीटर धावणारं पाणी म्हणजे ताशी अकरा किलोमीटर, तुमच्या कमाल वेगापेक्षा जास्त. लष्कराच्या एटोर एन१२०० गाड्या ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबच्या पुरात वापरल्या गेल्या. त्यांचे टायरच माणसाच्या उंचीचे असतात आणि तरंगवण्याचं बरंचसं काम तेच करतात. रूपांतरित जीपची त्यांच्याशी तुलना नाही.

परवानगीचं दोन वाक्यांत: गाडीच्या मूळ रचनेत बदल म्हटला की मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागतं, आणि खाडीत पैसे घेऊन माणसं न्यायची तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे जावं लागतं. कांदळवनातून वाट काढायची नाही, आणि नोव्हेंबर ते मे पुळणीवर भरतीरेषेच्या वर चाकं न्यायची नाहीत. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं तिथेच अंडी घालतात, आणि वाळू दाबली गेली की पिल्लांना वर येता येत नाही. पाहुण्यांची गाडी पलीकडे न्यायची असेल तर दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड इथल्या जंगलजेटी (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी) आहेत. पाहुण्यांना फक्त पुळण दाखवायची तर नोंदणी झालेली फायबरची होडी आणि अनुभवी तांडेल, हे कुठल्याही जीपपेक्षा चांगलं.

तरीही स्वतःपुरती जीप केलीत तर पहिली चाचणी खाडीत घेऊ नका. गावातल्या तळ्याच्या उथळ कडेला, दोन्ही बाजूंनी दोर बांधून, माणसाविना एक तास तरंगत ठेवा. उतरवण्याआधी आतून सगळ्या जोडांवर खडूची पूड लावा. पूड जिथे ओली होईल तिथे गळती आहे. बाहेरून पाण्याच्या रेषेवर रंगाची खूण करा. मग सत्तर किलोची दोन माणसं एकाच बाजूच्या काठावर बसवा आणि तो काठ किती खाली गेला ते फूटपट्टीने मोजा. दहा सेंटिमीटर ठीक. पंधरापेक्षा जास्त गेला तर वजन वरती आहे: स्टेपनी, रॅक, लोखंडी कांब, जे उंच असेल ते काढा आणि पुन्हा मोजा. तासानंतर बाहेर काढून प्लग उघडा आणि आलेलं पाणी बादलीने मोजा. पाच लिटरपेक्षा जास्त असेल तर ओली झालेली पूड शोधून तो जोड पुन्हा भरा, आणि फायबर पुरतं सुकल्यावर पुन्हा तासभर ठेवा.